कोकणातला शेवगा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी संपत आल्या की शेवग्याचे प्रश्न सुरू होतात. बी कुठलं आणू, फांदी लावली ती कुजली, फुलं आली पण शेंग नाही, आणि गोकुळाष्टमी जवळ आली की मग पाल्याचे. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळे एका जागी घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक घाटावरचे नाहीतर तामिळनाडूतले असतात, तिथल्या शेतकऱ्याला पाणी कुठून आणायचं याची काळजी आणि आपल्याला पाणी बाहेर कसं काढायचं याची, त्यामुळे तिथलं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावू नका.

१. एवढ्या पावसात कोकणात शेवगा होतो का? आमच्याकडे लावला की मरतो.

होतो, आणि चांगला होतो. हे झाड मूळचं हिमालयाच्या पायथ्याकडचं, पंचवीस ते पस्तीस डिग्री तापमान त्याला मानवतं आणि ते आपल्याकडे जवळजवळ वर्षभर असतंच. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्याने झाड मरत नाही, मुळाशी पाणी तुंबून राहिलं की मरतं. गावात एक फेरी मारून बघा, जुने शेवगे कुठे उभे आहेत? गडग्याच्या कडेला, खळ्याच्या उतारावर, मेरेवर, विहिरीच्या दगडी काठाजवळ. भाताच्या खाचरात मधोमध एकही दिसणार नाही. तुमचं झाड मरत असेल तर पहिल्यांदा जागा बदला, जात आणि खत नंतर बघू.

२. जमीन कशी लागते? आमची सगळी जांभ्याची आहे, खाली कातळ.

तांबडी, निचऱ्याची, वरकस जमीन शेवग्याला आवडते. जांभ्याच्या जमिनीत दोन अडचणी. एक म्हणजे ती आम्लधर्मी असते, शेवगा थोडं आम्ल सहन करतो पण सामू (पीएच) सहा-साडेसहाच्या पुढे असेल तर जास्त खूश असतो, म्हणून खड्ड्यात चुलीतली राख दोन-तीन ओंजळी टाकायची, ती फुकट मिळते आणि आम्लपणा कमी करते. दुसरी अडचण खाली अखंड कातळ असेल तर. कातळात खड्डा खणला की ती पावसात टाकीच होते, चारी बाजूंनी पाणी येऊन साठतं आणि जायला वाट नाही. अशा ठिकाणी खड्डा खणूच नका, वर माती आणून दीड-दोन फुटांचा ढीग करा, बाजूने दगड रचा आणि त्या ढिगावर लावा.

किनाऱ्याला पुळणीची रेताड जमीन असेल तर निचऱ्याचं टेन्शन नाही पण खत धरून राहत नाही, शेणखत-पालापाचोळा दरवर्षी घालावा लागतो. खाडीलगतची खारी जमीन मात्र सोडून द्या. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर मोठं झाड निभावून नेतं पण रोपाची पानं कडेने करपतात, रोपाला पहिल्या वर्षी गोडं पाणीच द्या.

३. बी लावू की फांदी?

दोन्ही चालतं, पण तुम्हाला काय हवंय त्यावर. शेजाऱ्याच्या झाडाची शेंग गोड आणि गरभरीत असेल आणि तीच हवी असेल तर फांदी, कारण बियांपासून झालेलं झाड आईसारखं निघेलच याची खात्री नसते. फांदी मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब, पेन्सिलीएवढ्या काटक्या लावून काही होत नाही. तोडल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवा म्हणजे चीक वाळून काप सुकतो, मग फूटभर जमिनीत जाईल अशी रोवा आणि वरच्या तोंडाला शेण-माती लिंपा नाहीतर पाणी आत उतरतं. आपल्याकडे फांद्या कुजण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, लोक भर जुलैत ताजी तोडून ओल्या मातीत खुपसतात. मे अखेरीला लावा, मिरगाच्या पावसाआधी तिला डोळे फुटायला लागलेले असले पाहिजेत.

बियांचं झाड सोटमूळ खोल सोडतं म्हणून वाऱ्याला जास्त टिकतं, फांदीचं झाड मुळात उथळ असतं. समुद्राच्या समोर उघडी जागा असेल तर मी बीच लावा म्हणेन. बी रात्रभर पाण्यात भिजवा, पिशवीत पेरा, आठवडा ते पंधरा दिवसांत उगवतं. बी त्याच वर्षाचं घ्या, जुनं झालं की उगवण पडते.

४. कुठली जात लावू?

घरासाठी एक-दोन झाडं लावायची असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा बघा, आपल्या हवामानासाठीच काढलेली आहे. पीकेएम-१ सगळीकडे मिळते, ती तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलमच्या कॉलेजने १९८९ मध्ये आणली, बियांपासून लावतात, सहा-सात महिन्यांत शेंगेवर येते आणि शेंग दोन-सव्वादोन फूट लांब. बाजारात विकायला लांब शेंग बरी दिसते हे खरं. पण या जातीची गंमत लवकर आणि भरपूर येण्यात आहे, दोन-तीन वर्षांनी छाटणी, खत नीट नसेल तर जोर कमी होतो. गावठी झाड उशिरा येतं, वर्षातून एकदाच धरतं, पण कुणी बघितलं नाही तरी वर्षानुवर्षं उभं राहतं. माझं मत विचाराल तर परसात एक गावठी फांदीचं आणि एक पीकेएम बियांचं, म्हणजे पाला आणि शेंग दोन्हीची सोय.

५. कधी लावायचा आणि खड्डा केवढा?

रोप असेल तर पहिले दोन-चार पाऊस पडून जमीन ओली झाली की, म्हणजे जूनचा मध्य. ज्यांच्याकडे पाऊस फारच ओततो, सावंतवाडी-आंबोलीच्या बाजूला, त्यांनी रोपं पिशवीत पागोळीखाली सांभाळून सप्टेंबरच्या शेवटी लावली तरी चालतात, फक्त मग उन्हाळाभर पाणी द्यायची तयारी हवी. खड्डा दोन फूट बाय दोन फूट पुरे, त्यात एक-दोन घमेली कुजलेलं शेणखत, राख आणि वरची माती. भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा येईल असा भरा, पावसात तो बसतो. रोपाभोवती आळं करायचं ते पाऊस संपल्यावर, जूनमध्ये आळं करणं म्हणजे पाणी तुंबायला जागा करून देणं.

६. दारात शेवगा लावू नये म्हणतात, खरं आहे का?

भुताखेताचं मी मानत नाही, पण घराला चिकटून लावू नये हे बरोबर आहे. लाकूड अतिशय ठिसूळ, वरून हिरवीगार दिसणारी फांदी पोरगं चढलं की काडकन मोडते, दरवर्षी कुठे ना कुठे कुणी शेंगा काढायला चढून पडतं. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट बसतात (प्रश्न १०) ते घरात शिरतात. कौलांवर फांदी पडली तर कौलं गेली. घरापासून पंधरा-वीस फूट लांब, विजेच्या तारांपासून लांब, आणि शेंगा खालून आकडीनेच काढायच्या. दोन झाडांत अंतर बियांच्या जातीला अडीच मीटर, गावठीला पाच-सहा मीटर.

आणि सावलीत नको. माड-पोफळीच्या बागेत मधे लावला तर उजेड शोधत सरळसोट वर जातो, तीस फुटांवर चार शेंगा लागतात त्या कावळ्यांना.

७. पाणी आणि खत किती?

पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एकदा, मोठ्या झाडाला उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी दिलं तरी जगतं. फुलं येण्याआधी पाणी थोडं ताणायचं आणि शेंगा धरल्या की नियमित द्यायचं. खताला वर्षातून एकदा ऑक्टोबरात आठ-दहा किलो शेणखत आणि राख, घरच्या झाडाला एवढं बास. युरिया टाकून टाकून झाड हिरवंगार झालं पण शेंग नाही अशी तक्रार असते, ती नत्र जास्त झाल्याचीच.

८. शेंडा कधी खुडायचा? छाटणी कधी करायची?

शेवग्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फायदा कशाचा होत असेल तर याचा, आणि सगळ्यात जास्त आळस पण याचाच होतो. रोप कमरेएवढं, म्हणजे अडीच-तीन फूट झालं की शेंडा नखाने खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडा. आठ-दहा दिवसांत बाजूने फांद्या निघतात, त्या हातभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. झाड छत्रीसारखं पसरतं आणि शेंग हाताला लागते.

मोठी छाटणी शेंगा संपल्यावर. कोकणात ती १५ मेच्या आत उरकून घ्या. कारण असं की छाटलेलं तोंड वाळायला दोन-तीन आठवडे कोरडे लागतात, जूनमध्ये छाटलंत तर त्या तोंडातून पाणी आत जाऊन खोड वरून पोकळ कुजत येतं. तीन-चार फुटांवर तिरका काप द्यायचा म्हणजे पाणी निथळतं, करवतीने, कोयत्याने घाव घालून नाही, साल फाटते. कापावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. घरच्या दोन झाडांना याच्या दहावा हिस्सा केला तरी उरतं. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी शेण-माती लिंपून वर प्लास्टिक बांधा.

मेमध्ये छाटलं की पावसात त्या ठुंठ्याला कोवळा पाला फुटतो तो अष्टमीपर्यंत खायला मिळतो, म्हणजे एका छाटणीत दोन कामं. ऑक्टोबरनंतर मात्र जोरात छाटू नका, पुढची फुलं जातील.

९. फुलांनी झाड भरतं पण शेंग धरत नाही. काय करू?

कुठल्या महिन्यात फुललंय ते आधी बघा. पीकेएमसारख्या जाती पावसात पण फुलतात, ती फुलं पावसाच्या मारानेच गळतात, त्यावर उपाय नाही आणि औषध मारून पैसे घालवू नका, ती फुलं गोळा करून भाजी करा. आपली खरी फुलं डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. तेव्हाही गळत असतील तर तीन कारणं असतात. एक, पाणी अचानक जास्त झालं किंवा अगदी तुटलं. दोन, नत्र जास्त (प्रश्न ७). आणि तिसरं कोणी लक्षात घेत नाही ते म्हणजे परागीभवन, शेवग्याच्या फुलाला मोठे काळे भुंगे आणि मधमाश्या लागतात. सकाळी झाडाखाली पाच मिनिटं उभे राहा, भुंग्यांचा आवाज येत नसेल तर अडचण तिथे आहे. शेजारच्या आंबा-काजूवर त्याच दिवसांत फवारण्या चालू असतात, त्यात भुंगे-माश्या मरतात. आपल्या आणि शेजाऱ्याच्या बागेत निदान सकाळची फवारणी टाळा, संध्याकाळी उशिरा मारा. सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवलीत तर शेवग्याला फायदा आणि मधालाही फायदा, बाकी फार काही फुललेलं नसतं तेव्हाही हा फुललेला असतो.

१०. खोडावर केसाळ सुरवंटांचा थर बसलाय, अंगाला खाज येते. औषध कुठलं?

पाऊस सुरू झाला की हे येणारच. रात्री वर चढून पानं खातात आणि दिवसा खोडावर खाली घोळका करून बसतात, लांबून बघितलं तर खोडाला करड्या गोणपाटाचा तुकडा चिकटल्यासारखं दिसतं, जवळ गेल्यावर तो हलतोय हे कळतं. दिवसा सगळे एका जागी असतात हीच सोय आहे. लांब काठीला चिंध्या बांधून पलिता करा आणि त्या थरावरून भरभर फिरवा, एका जागी धरू नका, साल भाजली तर झाड जाईल. पावसात पलिता धरत नसेल तर कपडे धुवायच्या साबणाचं दाट पाणी पंपाने खोडावर मारा. हात लावायचा नाही, केस गळून हवेत उडतात, त्यामुळे नाकाला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कपडे लगेच धुवायचे. अंगाला लागलेच तर चोळू नका, चिकटपट्टीने केस काढून मग साबणाने धुवा, डोळ्यात गेले तर डॉक्टरकडे.

पाला खायचा असेल त्या झाडावर बाजारातलं कीटकनाशक मारू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. लोक सकाळी औषध मारतात आणि चार दिवसांनी तोच पाला पोरांना खायला घालतात. सुरुवातीच्या लहान अळ्यांना निंबोळी अर्क पुरतो, मोठ्या झाल्या की पलिताच.

११. खोडातून तांबूस डिंक येतोय आणि भुसा पडतोय.

नुसता डिंक असेल तर कुठेतरी जखम झालीय, घाबरू नका. डिंकासोबत सालीवर जाळीत गुंतलेला भुसा दिसत असेल तर साल खाणारी अळी आहे. जाळी खरवडून काढा, भोक सापडेल, त्यात सायकलची तार घालून अळी मारा, मग कापसाचा बोळा रॉकेलमध्ये किंवा निंबोळी तेलात बुडवून भोकात कोंबा आणि वर चिखल लावा. बुंध्याशी साल मऊ होऊन वास येत असेल तर ती कूज, तिथे पाणी तुंबतंय, बाजूने चर काढून द्या. अर्ध्याहून जास्त बुंधा कुजला असेल तर वरची चांगली फांदी कापून दुसरीकडे लावा, झाड वाचत नाही.

१२. माकडं काही ठेवत नाहीत. उपाय?

खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. वानर फुलं आणि कोवळा पाला खातात, माकडं शेंगा मोडून टाकतात. झाड छाटून बुटकं ठेवलं तर निदान कुत्रा आणि माणूस दोघांना राखता येतं. घराच्या मागच्या बाजूला, जिथे दिवसभर बाई-माणसाची ये-जा असते तिथे झाड वाचतं, लांबच्या कलमबागेत वाचत नाही. शेंग कोवळी असताना दर दोन दिवसांनी काढत राहा. आणि उन्हाळ्यात मोकाट सोडलेल्या गुरांपासून रोपाला वई (कुंपण) हवीच, गाय एका चाव्यात वर्ष फुकट घालवते.

१३. डिसेंबरात पानं पिवळी होऊन गळतायत, रोग आहे का?

नाही. थंडीच्या दिवसांत पानगळ होते, मग फुलं येतात. पावसाळ्यात पिवळी पडली तर मात्र निचरा बघा (प्रश्न २).

१४. पाला कुठला काढायचा आणि भाजी कशी करायची? आमची कडू होते.

शेंड्याकडचा, पोपटी, बोटांनी ओढला की सहज निसटणारा पाला घ्या. गडद हिरवा जून पाला कडूच लागणार. मधल्या बारीक काड्या जेवढ्या निघतील तेवढ्या काढा, त्या शिजत नाहीत आणि दातात येतात. हे निवडणं कंटाळवाणं आहे, त्यावर एक युक्ती: डहाळ्या रात्री फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी झटकल्या की पानं आपोआप सुटतात.

आमच्या सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी हे ठरलेलं. पाला धुऊन, पिळून, बारीक चिरायचा. तेलात मोहरी, सुक्या मिरच्या, कांदा (तुमच्याकडे सणाला चालत नसेल तर नको), भिजवलेली मूगडाळ किंवा फणसाच्या उकडलेल्या आठळ्यांचे तुकडे, मग पाला. झाकण ठेवायचं नाही, पाणी घालायचं नाही, आठ-दहा मिनिटं परतायचं, मीठ शेवटी, कारण भाजी आळून मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं. गुळाचा खडा आणि हात सैल सोडून ओलं खोबरं. कडूपणा खोबऱ्याने जातो, पाला उकळून पाणी फेकून दिल्याने चवही जाते आणि सत्त्वही जातं.

१५. फुलांचं आणि शेंगांचं काय काय होतं?

गळालेली फुलं सकाळी चादर पसरून गोळा करा, त्यातले किडे झटका, कांद्यावर परतून बेसन पेरून केलेली भाजी किंवा अंड्यात घालून पोळा, दोन्ही उत्तम. शेंग आमटीत तर सगळेच घालतात, मार्च-एप्रिलात शेंग आणि कैरी एकदम येतात तेव्हा तूरडाळीच्या आमटीत चिंच न घालता कैरीची फोड टाकून बघा. आणि कोलंबीच्या कालवणात शेंग, किंवा पावसात मासळी बंद असते तेव्हा सुकटीत. शेंग आधी मीठ घालून अर्धी शिजवून घ्यायची आणि कोलंबी शेवटची पाच मिनिटं, नाहीतर कोलंबी रबर होते. शेंग बोटाएवढी, पिळल्यावर थोडी लवचिक असताना काढा, वर गाठी उठल्या म्हणजे आतलं बी जून झालं, ती बियांसाठी झाडावरच वाळू द्या.

१६. संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी, दुधाच्या चौपट कॅल्शियम हे खरं का?

पाला पौष्टिक आहे यात शंका नाही, पण हे आकडे फिरतात ते सरसकट धरू नका. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम, २२० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ६.७ ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात कॅल्शियम १८५, व्हिटॅमिन सी ५२ च्या आसपास आणि प्रथिनं ९.४. म्हणजे जमीन, जात, पानाचं वय यावर एवढा फरक पडतो. संत्र्यात साधारण ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, तर एका तक्त्याने चौपट आणि दुसऱ्याने बरोबरी. वर ते शिजवताना बरंचसं जातं.

पावडरचे आकडे मोठे दिसतात कारण पाणी उडालेलं असतं. १०० ग्रॅम पावडरीत दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम सांगतात, पण १०० ग्रॅम पावडर खातो कोण? चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम धरा, शंभर मिलिग्रॅम झालं, अर्ध्या कप दुधाएवढं. तेही काही कमी नाही. पण भाजी वाटीभर खाता येते आणि फुकट आहे, म्हणून मी भाजीच्या बाजूचा.

१७. पावडर घरी करता येते का? आमची काळी पडते, बुरशी येते.

पावसाळ्यात करू नका, हवेतच पाणी असतं. ऑक्टोबर ते मार्च करा. पाला धुऊन निथळवून, माळ्यावर किंवा पडवीत स्वच्छ कपड्यावर एकेरी थरात, सावलीत, वारा लागेल असा. उन्हात टाकला की रंग आणि जीवनसत्त्वं दोन्ही जातात. दिवसातून दोनदा हलवा, चार-पाच दिवसांत मुठीत चुरला की करकर वाजला पाहिजे, नुसता मऊ सुकलेला असेल तर तीच पावडर पुढे बुरशी धरते. मिक्सर, चाळण, काचेची कोरडी बरणी, अंधारात. निवडलेला चार-पाच किलो पाला असेल तर किलोभर पावडर होते, देठासकट मोजलात तर दुप्पटही लागेल. आमटीत, आंबोळीच्या पिठात घाला. उकळत्या चहात टाकून वजन कमी होतं वगैरे काही नाही.

१८. गरोदर बाईला, बीपी-शुगरवाल्याला चालतो का?

जेवणातली शेंगेची आमटी आणि पाल्याची भाजी आपल्याकडे सगळेच खात आलेत. पावडर, गोळ्या, अर्क, रस यांची गोष्ट वेगळी, तिथे मात्रा वाढते. शुगरची, बीपीची, थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल (पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते त्या औषधाच्या उलट काम करतं) तर डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज पावडर नको. गरोदर बाईने पावडर-अर्क टाळावा. आणि मूळ, मुळाची साल आणि खोडाची साल कुणीच घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये, त्यात विषारी द्रव्यं असतात आणि गर्भ पडण्याचा धोका असतो. गावात कोणी मूळ उगाळून देत असेल तरी नाही म्हणा.

१९. शेवग्याच्या बियांनी विहिरीचं पाणी शुद्ध होतं म्हणतात?

गढूळ पाणी निवळतं, शुद्ध होत नाही. हा फरक जिवावर बेतणारा आहे म्हणून नीट लिहितो. बियांतलं प्रथिन धनभारित असतं आणि मातीचे कण ऋणभारित, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि तळाला बसतात, सुदानमध्ये बायका नाईलचं पाणी असंच निवळून घेत आल्यात. जुलैत लाल झालेल्या विहिरीच्या पाण्याला उपयोगी.

पूर्ण वाळलेल्या शेंगेतलं बी घ्या, पंख आणि टरफल काढा, आतला पांढरा गर कुटा. लिटरला साधारण एक बी, खूप गढूळ असेल तर दोन. ते कपभर स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं ढवळा, फडक्यातून गाळा आणि ते दुधट पाणी घागरीत ओता. मिनिटभर जोरात, मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू ढवळा, आणि तास-दोन तास हलवू नका. वरचं निवळ पाणी काढून घ्या आणि उकळा. गाळासोबत बरेच जंतू खाली बसतात, सगळे नाही. खारटपणा जात नाही, रसायनं जात नाहीत. आणि असं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, बियांचा अंश राहिलेला असतो, वास येतो.

२०. तेल काढता येईल का?

येतं. गरात ३५ ते ४० टक्के तेल असतं, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास ऑलिक आम्ल, लवकर खवट होत नाही म्हणून पूर्वी घड्याळांच्या यंत्राला वापरायचे. पण लाकडी घाण्यावर एवढं सगळं निघत नाही आणि घाणेवाला चार किलोसाठी घाणा लावत नाही. दोन झाडांच्या बियांवर तेलाचा नाद करू नका.

२१. गुरं-शेळ्यांना, लाकडाला, बागेत आणखी काय उपयोग?

छाटणीचा पाला शेळ्या आवडीने खातात, गाईला गवता-पेंढ्यात मिसळून द्या, नुसताच ढीग घालू नका. तेल काढून उरलेली पेंड कडू असते, ती गुरांना नको, झाडांना घाला. लाकूड पोचट, जळणालाही कामाचं नाही. पानमळ्यात वेल चढवायला शेवगा लावतात ते चांगलं, सावली विरळ पडते. कोवळा पाला वाटून, गाळून, एका भागाला तीस भाग पाणी घालून भाजीपाल्यावर फवारतात, त्याच दिवशी वापरायचा, शिळा आंबतो.

२२. एक एकर शेवगा लावून धंदा करावा का?

शेंगेचा करू नये असं माझं मत. आपली शेंग मार्च ते मेमध्ये येते आणि तेव्हाच सगळीकडची येते, भाव पडलेला असतो. भाव चढतो पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला, तेव्हा आपली फुलं पावसाने झाडलेली असतात. घाटावरच्या एकरी उत्पन्नाचे हिशेब इथे लागू होत नाहीत. वर माकडं.

पाल्याचं मात्र जमू शकतं. दोन-अडीच फुटांवर दाट लावायचा, गुडघ्याएवढा ठेवून दर महिना-सव्वामहिन्याने कापायचा. अष्टमीच्या आठवड्यात कुडाळ-कणकवलीच्या बाजारात जुडीला मागणी असते. पण आधी दहा-बारा झाडं बांधावर लावून एक वर्ष बघा, आणि रोजगार हमीतून काही मिळतं का ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

२३. फ्लॅटमध्ये कुंडीत येईल?

पाल्यासाठी येईल. निळा ड्रम अर्धा कापून, खाली भरपूर भोकं, सहा तास ऊन, आणि सतत खुडत राहा. शेंगांची अपेक्षा ठेवू नका.

२४. शेंगा दिसायला छान पण कडू. काय घालू म्हणजे गोड होतील?

काही घालून होत नाहीत. बियांच्या झाडांत एखादं असं निघतं, तो त्याचा स्वभाव आहे. शेंग फार जून झाल्यावर कडू लागत असेल तर लवकर काढून बघा, कोवळी पण कडूच असेल तर ते झाड पाल्याला आणि शेळ्यांना ठेवा आणि गोड झाडाची फांदी आणून लावा (प्रश्न ३).

२५. वादळात झाड मधून मोडलं. ठेवू की काढू?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत, आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्तेत आमच्याकडे, शेवगे पहिल्यांदा गेले, आंबे नंतर. मोडलेलं असेल तर ठेवा. फाटलेला भाग करवतीने खाली चांगल्या लाकडापर्यंत तिरका कापा, बोर्डो लावा, पाऊस लागणार असेल तर तोंडावर प्लास्टिक बांधा. तीन-चार आठवड्यांत बाजूने कोंब येतात, त्यातले चांगल्या दिशेचे तीन-चार ठेवून बाकीचे खुडा. मुळासकट उपटलं असेल तर उभं करून काठ्यांचा टेकू देण्यात वेळ घालवू नका, पुन्हा पडतं. त्याच्या फांद्या प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे सुकवून लावा, एका झाडाच्या सहज दहा-बारा होतील, स्वतःच्या लावून झाल्या की उरलेल्या वाडीत वाटा.